चेकरकाकांची चौकशी

आमच्या ऑफिसात दुपारची मुलाखत चालू असताना पडद्यावरचा उमेदवार अचानक दचकला, की मी समजून जायचे, माझ्या पाठीमागे चेकरकाकांनी भाकरी मोडली. सोलापूरची कडक भाकरी मोडायला मूठ लागते, आणि काकांची मूठ छत्तीस वर्षं चालत्या एसटीचा दांडा धरून तयार झालेली होती. कॅमेऱ्यात ते दिसत नसत. पडद्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून, शेंगाचटणीचा डबा मांडीवर घेऊन ते नुसते ऐकत बसत.

"काका, समोरच्याला आवाज जातो," मी मुलाखत संपल्यावर म्हणायचे.

"जाऊ द्या की. हितं कुणीतरी जेवतंय, एवढंच कळंल त्याला. आपल्याला कळाय पायजे, तितं कोण कोण हाय."

मग ते बोटांवर मोजत सांगायचे. "एक म्हातारं माणूस खोकतंय. बारकं लेकरू हाय, पण रडत न्हाय, म्हंजी त्याच्या हातात मोबाइल दिलाय. आन् एक गडी शेजारी बसून ह्याला उत्तरं सांगतोय."

मी चाळीस मिनिटं पडद्याकडे डोळे फाडून बघितलेलं असायचं आणि यातलं काहीएक मला दिसलेलं नसायचं. मला राग यायचा. काकांचा नव्हे खरं तर, पण यायचा त्यांच्यावरच.

ऑफिस म्हणजे नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वरची दीड खोली. मालक जावेदभाई. पुण्या-मुंबईच्या आणि क्वचित दुबईच्या लहान धंदेवाल्यांना घरबसल्या काम करणारी माणसं पुरवायची, हा त्यांचा व्यवसाय. कुणाला ईमेलची उत्तरं द्यायला माणूस हवा असतो, कुणाला अपॉइंटमेंट लिहून घ्यायला, कुणाला जाहिरातीची चित्रं करायला. अशा माणसांना फ्रीलान्सर म्हणतात, व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. जावेदभाई सगळ्यांना सरसकट 'पोरं' म्हणत, मग त्यात पन्नाशीच्या बायकासुद्धा आल्या. ही पोरं ऑनलाइन अर्ज करत आणि मी त्यांना पारखून घेत असे. निदान माझी तशी समजूत होती.

माझ्याकडे अकरा मुद्द्यांची यादी होती. ओळखपत्रावरचा फोटो आणि चेहरा जुळतो का, आधीच्या कामाचे नमुने स्वतःचेच आहेत का, जुन्या ग्राहकाला फोन केला तर तो खराच ग्राहक निघतो की उमेदवाराचा मेहुणा, बँकेचं खातं कुणाच्या नावावर, कॅमेरा चालू ठेवतो का, अशी ती यादी. जिथं शंका तिथं लाल खूण. ही यादी मी स्वतः केली होती आणि तिचा मला फार अभिमान होता.

त्या यादीतून अकराच्या अकरा मुद्द्यांवर पास झालेला एक उमेदवार पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीचे सगळे पासवर्ड घेऊन तिसऱ्या आठवड्यात गायब झाला. त्याची पदवी खरी होती, शिफारसपत्रं खरी होती, ओळखपत्रही खरं होतं. फक्त काम करणारा माणूस दुसराच कुणीतरी होता. जावेदभाई दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एका उंच, वाळक्या म्हाताऱ्याला घेऊन आले. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, खिशाला दोन पेनं, आणि जिना चढून आल्या आल्या खोलीतल्या माणसांवरून एक नजर, पुढून मागं. आम्ही दोघीच होतो, मी आणि झाडणाऱ्या मावशी. आम्ही दोघींनी उगीचच आपापल्या पर्स जवळ ओढल्या.

"हे आमच्या गल्लीतले," जावेदभाई म्हणाले. "एसटीत चेकर होते. कागद आपल्याकडं लई जमले, मॅडम, आदमी एक बी नीट बघितला नाही आपण. आता हे बघतील."

तेव्हापासून ते चेकरकाका. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते मी कधी हाक मारायला वापरलं नाही आणि आता लिहीतही नाही. काका गेले त्याला या उन्हाळ्यात वर्ष होईल.

निवृत्त झालेली माणसं नातवंडं खेळवतात नाहीतर देवळाच्या पारावर बसतात. काकांना नातवंडं नव्हती. एक मुलगी होती, हैदराबादला, ती सणाला फोन करायची. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती. आणि देवाचं म्हणाल तर त्याच्याकडेही काका तिकीट मागतील, असं जावेदभाई म्हणायचे. घरी त्यांना कुणी तपासायला उरलं नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे आले, असं मला पहिल्यांदा वाटलं. मी ते बोलूनही दाखवलं एकदा. काका हसले नाहीत की रागावले नाहीत. "खरं हाय," म्हणाले.

त्यांचा मुलाखतीतला प्रश्न एकच. मी तास-अर्धा तास उमेदवाराला हे सॉफ्टवेअर येतं का, ते येतं का, असं उलटंसुलटं विचारत असायचे आणि मागून एकदम यायचं, "काल दुपारी काय जेवलात?"

तुम्हाला वाटेल, हा काय प्रश्न झाला. एकदा एक उमेदवार आला होता, इंग्रजी असं की मलाच न्यूनगंड यावा. प्रत्येक उत्तर घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. काकांनी जेवणाचं विचारलं आणि तो बाजूला बघायला लागला. कुणीतरी सांगेल म्हणून थांबला. सांगणाऱ्यालाही ते माहीत नसणार. मग "मॅम, नेटवर्क" असं काहीतरी पुटपुटून त्यानं कॉल तोडला, तो पुन्हा आला नाही.

"थांब्यावर समदे सरळच बसतेत, मॅडम," काका म्हणाले. "गाडी हालली की बघायचं."

हे वाक्य ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. दुसरं एक वाक्य होतं, ते कमी वेळा, पण म्हणताना मान ताठ व्हायची. "छत्तीस वर्षांत एक बी रिपोर्ट मागं घ्यावा लागला न्हाय." रिपोर्ट हा त्यांचा जीव. शाळेच्या वहीच्या पानाचे चार तुकडे करून ते स्वतः पॅड बांधायचे आणि पट्टीनं रेघा मारायचे. कुठं, कधी, काय दिसलं, चूक कुणाची, काय करावं. आणि तळाला एक शब्द, 'समक्ष', त्याच्यापुढे सहीला जागा. प्रत्येक रिपोर्टवर ती सही माझी लागायची.

"काका, मी माळशिरसला आले नव्हते. माझ्यासमोर काहीच झालेलं नाही. मी समक्ष कशी सही करू?"

"मी सांगितलं ते ऐकलंय की तुमी. झालं."

मी करायचे सही. माझ्या सहीला त्या काळात काही वजन असेल असं मला वाटत नव्हतं.

माळशिरसचं निघालं म्हणून सांगते. आमचा नियम असा ठरला होता की माझ्या यादीत तीन लाल खुणा पडल्या आणि उमेदवार आपल्याच जिल्ह्यातला असला, तर काकांनी जाऊन बघायचं. ते एसटीनंच जायचे. सकाळी पाण्याची बाटली, भाकरी, पॅड घेऊन निघायचे आणि पोचल्यावर उमेदवाराच्या घरी चुकूनही जायचे नाहीत. जायचे पिठाच्या गिरणीत.

"गिरणीवाल्याला घरात माणसं किती आन् भांडणं किती, दोन्ही ठाव असतंय," ते म्हणायचे. "दळण कोण आणतंय बघायचं. बाई आणती का गडी आणतो. डबा झाकून आणते का उघडा. पीठ न्यायला येळेवर येतेत का. काम करणारं माणूस तितं कळतंय."

आपल्याकडे स्थळाची चौकशी करतात ना, मुलगी द्यायच्या आधी, चार घरं सोडून पाचव्या घरी चहा पीत, अगदी तशी. फरक एवढाच की स्थळाच्या चौकशीत लोक थोडं खोटं बोलतात, म्हणजे कुणीकडून आलो, कशाला आलो ते गुंडाळून सांगतात. काका तसं करत नसत. चौकशी करणाऱ्यानंच खोटं बोललं तर ती चौकशी नव्हे, असा त्यांचा खाक्या. कुणी विचारलं तर सरळ सांगायचे.

माळशिरसच्या त्या उमेदवारानं अर्जात लिहिलं होतं, डिझायनिंगचा आठ वर्षांचा अनुभव. नमुने बघितले तर सगळीकडे गणपती, कलश आणि फुलांच्या माळा. मी तीन लाल खुणा केल्या आणि मनातल्या मनात त्याला बादही केलं. काका जाऊन आले. म्हणाले, "लग्नपत्रिका छापायच्या दुकानात बसतोय. आठ वर्षं खरंच बसतोय. गिरणीवाला म्हणाला, दोनशे पत्रिका छापून झाल्यावर नवरीच्या आजाचं नाव चुकल्यालं ह्यानं बघितलं, आन् मालकाला न सांगता राती बसून समद्या पुन्यांदा छापल्या. घ्या त्याला." घेतला. आजही तो आमच्याकडे आहे, आणि त्याचं काम तपासायची मला गरज पडत नाही. त्या दिवशी माझ्या लाल पेनाची मला थोडी लाज वाटली होती. ती लाज मी नीट लक्षात ठेवली असती तर पुढचं झालं नसतं.

आता अक्कलकोटचं सांगायचं. तिचं नाव मी लिहिणार नाही. एकदा आम्ही तिचं नाव नको तिथं नेलं, तेवढं पुरे.

अर्ज फेब्रुवारीत आला. एम.कॉम., वय एकतीस, राहणार अक्कलकोट, मराठी, कन्नड, इंग्रजी. पुण्याच्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना अपॉइंटमेंट सांभाळायला कुणीतरी हवं होतं, रोज दुपारचे तीन तास. मी चाचणीसाठी दिलेलं काम तिनं जसं केलं तसं आधी कुणी केलं नव्हतं. एकाच वेळेला दोन पेशंट लिहिलेले मी मुद्दाम घातले होते, ते तिनं शोधलेच, शिवाय खाली एक ओळ लिहिली होती: "दुसऱ्या पेशंटचं वय सत्तर आहे, त्यांना सकाळची वेळ द्यावी, उन्हात यावं लागणार नाही." सोलापूरकडच्या माणसालाच सुचेल असं ते होतं.

अर्जात आम्ही एक रकाना ठेवतो, काम का हवंय. लोक तिथं लिहितात, करिअर, ग्रोथ, असं काहीबाही. तिनं लिहिलं होतं: "माझी पदवी फ्रेम करून भिंतीवर लावली आहे. सासरी आल्यापासून ती तिथंच आहे. मला ती वापरायची आहे."

आणि तरीही तीन लाल खुणा पडल्या. फोन करू नका, फक्त मेसेज करा, असं तिचं म्हणणं होतं. बँकेचं खातं माहेरच्या नावावर. आणि मुलाखतीत कॅमेरा एक मिनिटभर चालू केला तेवढाच. मागं ज्वारीची पोती दिसली, डोक्यावरचा पदर दिसला, मग काळोख. ती इतकं हळू बोलत होती की मी दोनदा आवाज वाढवला. मध्ये कुठंतरी दार वाजलं तशी ती शब्दाच्या अर्ध्यात थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हां मॅडम, सांगा." काकांनी त्या दिवशी भाकरी मोडली नाही. जेवणाचा प्रश्नही विचारला नाही.

"आवाज चोरून बोलती," ते नंतर म्हणाले. "खोटं न्हाय बोलत. पण चोरून का, ते कळंना."

"मग जाऊन या," मी म्हणाले.

त्यासाठी पत्ता हवा होता. मी मेसेजवर मागितला. तिचं उत्तर आलं ते अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे: "पत्ता कशासाठी लागतो? घरी कुणी येणार नाही ना?"

इथं माझी बाजू सांगायची तर एवढीच आहे. आधी तिघांनी हाच प्रश्न विचारला होता आणि तिघेही बनावट निघाले होते. पत्ता द्यायला कां-कूं करणं ही माझ्या यादीतली नववी खूण. ही चौथी लाल खूण झाली, एवढंच मला त्या प्रश्नात दिसलं. मी लिहिलं, "नाही. फक्त नोंदीसाठी." तिनं लगेच पत्ता पाठवला, गल्लीसकट, खुणेच्या दुकानासकट. शेवटी लिहिलं होतं, "धन्यवाद मॅडम."

मी तो पत्ता चिठ्ठीवर उतरवून काकांच्या हातात दिला. तिचा प्रश्न उतरवला नाही.

काका बुधवारी गेले. संध्याकाळी परत आले ते नेहमीसारखे खुर्ची ओढून सांगायला बसले नाहीत. उभ्या उभ्या रिपोर्ट दिला. काय करावं, या रकान्यात लिहिलं होतं, 'घ्यावी. बिनधोक.' काय दिसलं, या रकान्यात चांगलं चांगलंच होतं. घर नीट, सूनबाई शिकलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि शेवटची ओळ: 'एक बाई दळण अर्धं टाकून गेली.'

"हे काय?" मी विचारलं.

"गिरणीत चौघं-पाचजण बसली होती. मी घराचं नाव काढलं तसा गिरणीवाला म्हणाला, स्थळ बघाय आलाव व्हय, धाकट्या पोराचं? घर लई चांगलं हाय. म्या म्हणलं, लग्नाचं न्हाय. थोरल्या सूनबाईंच्या नोकरीची चौकशी हाय, घरात बसून कॉम्प्युटरवर करायची. भिंतीकडं एक बाई बसली होती. तिनं कानडीत गिरणीवाल्याला इचारलं, कुणाची सून म्हणून. त्यानं सांगितलं. तशी ती उठली आन् गेली. तिची ज्वारी चक्कीत वरनं पडतच होती."

"कुठं काम आठवलं असेल."

काका माझ्याकडे बघत राहिले. "दळण टाकून बाई जात न्हाय, मॅडम. घरात आग लागली तरच जाती."

मी तिला कामावर घेतल्याचा मेसेज लगोलग पाठवला. डॉक्टरीणबाईंना कळवूनही टाकलं. मेसेज पोचल्याची खूण आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या नंबरवरून उत्तर आलं, पण ते तिचं नव्हतं: "या नंबरवर परत मेसेज करायचा नाही. तिला काही काम करायचं नाही." त्यानंतर तो नंबर बंदच झाला.

मी जावेदभाईंना सांगितलं, उमेदवारानं माघार घेतली. आमच्या धंद्यात रोज कुणीतरी माघार घेतं. त्यांनी मान हलवली आणि मी पुढचा अर्ज उघडला. तिच्या नंबरवरून आलेला तो मेसेज मी पुन्हा उघडला नाही. मला बघायचंच नव्हतं.

काकांनी मात्र तिथपासून दर गुरुवारी सुट्टी मागायला सुरुवात केली. गुरुवारी अक्कलकोटची गाडी कशी भरलेली असते ते सांगायला नको. गल्लीत बातमी झाली की चेकर म्हातारपणी स्वामींच्या नादी लागला. जावेदभाईंनाही ते पटलं. "अच्छा है," ते मला म्हणाले, "घरी बसून काय करणार एकटा माणूस." मला एकटीला ठाऊक होतं की काका मठाकडे वळत नाहीत. ते गिरणीत जाऊन बसत होते.

मी विचारलं नाही आणि तेही आपण होऊन फारसं बोलले नाहीत. तुकड्या-तुकड्यानं जे कळलं ते असं. दळण टाकून गेलेली बाई तिची चुलतसासू होती. ती गिरणीतून थेट त्या घरी गेली. वरच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यांमागं, माहेरहून आणलेला लॅपटॉप सापडला. सासू दुपारी झोपली आणि नवरा दुकानात गेला की ती तिथं बसून वर्षभर शिकत होती. कामं नीट जमायला लागल्यावर मग घरी सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं म्हणे. एखादा महिना पगार हातात आला असता, तो सासूच्या हातावर ठेवून सांगितलं असतं, तर कदाचित ऐकून घेतलं असतं. पण घरच्यांना ते परक्या पुरुषाच्या तोंडून, भर गिरणीत, चुलतसासूकडून कळलं.

"मारलं-बिरलं न्हाय म्हणतो गिरणीवाला," काका एकदा डबा उघडता उघडता म्हणाले. "नुसतं समदं काढून घेतलं."

त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली नाही. मुलाखती चालू होत्या, ते भिंतीकडे तोंड करून बसले होते, पण नंतर मी विचारलं की पलीकडं कोण कोण होतं, तर म्हणाले, "ध्यान नव्हतं." त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. हळूहळू त्यांचं ध्यान नसणं वाढत गेलं. जेवणाचा प्रश्न बंद झाला. तीन लाल खुणांची दोन नावं मी त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी ती चिठ्ठी घडी करून परत माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "मी जात न्हाय आता. तुमीच बघा." मला वाटायचं, त्यांना सांगून टाकावं. तिनं मला विचारलं होतं आणि मी खोटं बोलले, एवढंच तर वाक्य होतं. रोज सकाळी जिना चढताना मी ते तयार करायचे आणि वर आल्यावर कॉम्प्युटर सुरू करायचे. नोकरी जाईल याची भीती होती, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. हा माणूस माझ्याकडे त्या नजरेनं बघेल, पुढून मागं, ती मला सहन होणार नव्हती.

असे सहा गुरुवार गेले. सातव्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, काका सकाळी लवकर आले. जावेदभाई यायचे होते. झाडणाऱ्या मावशी खाली पाणी भरत होत्या. काकांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले, मुलाखतीला बसायचे तसे.

"काल ती आली होती गिरणीत," ते म्हणाले. "म्या चेहरा कुटं बघितलाय तिचा? मी डब्याच्या वाटेत बसलो होतो. मागनं म्हणाली, 'काका, जरा सरकता का, डबा ठेवायचाय.' आवाजावरनं वळखलं."

मी कॉम्प्युटर बंद केला.

"मोठ्यानं बोलत होती. त्या दिवशी कसं चोरून बोलत होती, तसं न्हाय. आता चोरायला काय राहिलंच न्हाय की."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार. डबा उचलून वजनावर ठिवला. 'राहू द्या काका, मी ठेवते,' म्हणाली. मी कोण ते सांगावं म्हणून तोंड उघडलं आन् मिटलं. दळण झालं, घेऊन गेली. डबा झाकलेला होता. कडंला पीठ सांडलं होतं, ते बी पुसून गेली." त्यांनी खिशातलं पॅड चाचपलं. "लई चांगली कामाला आली असती ती."

पंखा फिरत होता. खाली कापडदुकानाचं शटर कुणीतरी वर केलं.

"मॅडम," काका म्हणाले, "एक इचारतो. तिनं पत्ता दिला तवा तुमाला काय इचारलं होतं का? घरी कोण येणार का, असं काय? चोरून काम करणारं माणूस इचारल्याबिगर पत्ता देत न्हाय. मी इचार करतोय लई दिवस झालं."

मला वाटतं, मला पुरेसा वेळ मिळाला होता. एक श्वास घेऊन दुसरा सोडण्याइतका तरी. पलीकडचा माणूस खोकतो की श्वास धरतो, शेजारी कुणी आहे की नाही, हे नुसत्या ऐकण्यावरून सांगणारा माणूस चार हातांवर पाठमोरा बसला होता.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही विचारलं."

काका हलले नाहीत. मग मान एकदा खाली-वर झाली.

"बरं," ते म्हणाले. "मग एकट्याचीच चूक हाय."

खिशातून पॅड काढून त्यांनी रिपोर्ट लिहिला. त्यांचं अक्षर मोठं आणि सरळ होतं, माझ्या जागेवरूनही वाचता येत होतं. कुठं: अक्कलकोट, पिठाची गिरणी. काय दिसलं: माझा आधीचा रिपोर्ट मी मागे घेत आहे. चूक कुणाची: तपासणाऱ्याची. तिथं ते थांबले, पेनाचं टोपण काढ-घाल केलं, आणि पुढं लिहिलं, एकट्याची. काय करावं: त्याला कामावरून कमी करावे.

मग खुर्ची फिरवून कागद माझ्यापुढे ठेवला. 'समक्ष' या शब्दावर बोट ठेवलं. त्यांच्या नजरेकडे बघायची हिंमत मी केली तेव्हा ती माझ्याकडे नव्हतीच, कागदाकडे होती.

"काका, माझ्यासमोर कुठं काय..."

"ऐकलंय की तू, पोरी," ते म्हणाले. आजवर त्यांनी मला मॅडमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. "झालं."

मी सही केली. खाली तारीखही घातली.